कोय लावली, तर तोच आंबा का येत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फार आवडलेल्या एका आंब्याची कोय तुम्ही जपून लावली, सात वर्षं झाड वाढवलं, आणि यंदा पहिली फळं धरली ती लहान, धागेदार आणि आंबटसर. त्याच आंब्याचं कलम शेजारी आहे, त्याची चव मात्र हुबेहूब मूळ फळासारखी. शाळेत शिकताना लैंगिक पुनरुत्पादन जास्त प्रगत आणि जास्त फायद्याचं असं डोक्यात बसलं होतं. मग झाडं तयार करणारी माणसं अलैंगिक पद्धत का धरून बसतात, आणि तुमचं चुकलं कुठे?

तुमचं काहीच चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. खतापाण्यानं आणि उन्हानं फळाचा आकार, गोडी थोडीफार वरखाली होते, पण जात बदलत नाही. तुमच्या दारातलं झाड हे त्या आवडत्या आंब्याचं बिघडलेलं रूप आहे असं समजू नका, ते मुळातच निराळं झाड आहे. मी तीस वर्षांहून जास्त काळ रोपवाटिकेत कलमं बांधतो आहे. ‘गोड झाडाची कोय लावली, तरी असं का?’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यामागचा समज आता लगेच ओळखू येतो. बी म्हणजे आईच्या अंगाचा तुकडा, असं आपण धरून चालतो. तुकडा असते ती फांदी. बी हे मूल असतं, आणि मुलाला बापही असतो.

मोहोरापासून सुरुवात करू. आंब्याच्या मोहोरात काही फुलं नुसती नर असतात, काही द्विलिंगी, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेली. द्विलिंगी फुलाच्या अंडाशयात एकच बीजांड असतं. एखादी माशी किंवा किडा अंगावर पराग घेऊन येतो आणि एक कण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, पडतो. तिथे तो रुजतो, त्याला बारीक नळी फुटते आणि ती आतून उतरत बीजांडापर्यंत पोचते. या नळीतून दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, येतात. एक अंडपेशीशी जुळतं, त्याचा भ्रूण होतो, म्हणजे उद्याचं रोप. दुसरं बीजांडातल्या आणखी दोन केंद्रकांशी मिळून भ्रूणासाठी शिदोरी तयार करतं, तिला भ्रूणपोष म्हणतात. हे दुहेरी फलन १८९८ साली सर्गेई नवाशिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवून दिलं. फुलांत नर आणि मादी असतात हे त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १६९४ साली, रुडॉल्फ कॅमेरारियस या जर्मन वैद्यानं प्रयोगानं मांडलं होतं. एरंडीची नर फुलं उमलण्याआधी खुडली, तर झाड भरलेली बी देत नाही, हे त्यानं पाहिलं. साधा प्रयोग आहे, कोणालाही करून बघता येईल.

आता तुमच्या प्रश्नाची खरी किल्ली. फलन झाल्यावर बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाच्या भिंतीचं फळ होतं. ती भिंत आईच्या शरीराचा भाग आहे. म्हणजे तुम्ही चाखला तो गर सगळाच्या सगळा आईचा. पराग कुठल्याही झाडावरून आलेला असो, गराची जात बदलत नाही. कोयीच्या आत बसलेल्या भ्रूणात मात्र अर्धा वारसा परागाचा असतो. गर चाखून कोयीतलं रोप कसं निघेल याचा अंदाज बांधणं म्हणजे आईचा आवाज ऐकून मूल कसं गाईल ते ठरवणं. एकाच घोसातल्या दोन आंब्यांची आई एक, पण बाप वेगवेगळे असू शकतात.

(मक्याचं उदाहरण इथे उलटं जातं आणि त्यामुळेच गंमत कळते. मक्याच्या दाण्यात आपण मुख्यतः भ्रूणपोष खातो, आणि त्यात बापाचा वाटा असतो. म्हणून पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका फुलला, की त्याच हंगामात पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसतात.)

बाप कोण, एवढ्यानंच हे संपत नाही. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं (वारसा वाहणारे धागे) असतात, म्हणजे २० जोड्या. अंडपेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजन होतं आणि प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. कोणतं जाईल, ते चिठ्ठी काढल्यासारखं. वीस वेळा दोनातून एक निवडायचं म्हटलं, तर १० लाख ४८ हजार ५७६ तऱ्हेच्या अंडपेशी होऊ शकतात. परागाच्या बाजूनंही तेवढ्याच शक्यता, आणि दोन्हींचा गुणाकार एक लाख कोटींच्या पुढे जातो. शिवाय जोडीतली गुणसूत्रं वेगळी होण्याआधी आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, ती मी या हिशेबात धरलेलीच नाही. ज्या जातीवर आपण जीव टाकतो, ती कोणीतरी कधीतरी असंख्य रोपांतून वेचलेली एक दुर्मीळ जुळणी असते. पत्ते पुन्हा पिसले, की तोच डाव हाती येण्याची आशा धरता येत नाही. त्याच झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलावर पडला, तरी पत्ते पिसले जातातच.

मग वाटाणा, गहू, घेवडा यांचं बी पेरलं तर तेच पीक कसं येतं, असं तुम्ही विचाराल. कारण ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतात. स्वपरागणात दर पिढीला जोड्यांमधला फरक निम्म्यावर येतो. सात पिढ्यांनी तो एक टक्क्याच्याही खाली जातो. दोन्ही बाजूंनी सारखेच पत्ते असले, तर कितीही पिसा. ग्रेगोर मेंडेलनं १८५६ पासून वाटाण्यावर प्रयोग केले, त्यांत इतके स्वच्छ आकडे मिळाले त्यामागे ही शुद्धता होती. संकरित टोमॅटोचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी निरनिराळी फळं देतं तेही याच हिशेबानं. दोन शुद्ध जातींचा संकर पहिल्या पिढीत एकसारखा असतो, दुसऱ्या पिढीत तो फुटतो. आंब्याच्या झाडात मात्र जोड्यांमधला फरक मुळातच भरपूर असतो, त्यामुळे कोयीच्या रोपांत तो लगेच बाहेर पडतो.

आता शेजारचं कलम. तिथे फलन नाही, अर्धसूत्री विभाजनही नाही. कलमकाडीतल्या पेशी नेहमीच्या सूत्री विभाजनानं वाढतात, म्हणजे गुणसूत्रांची जशीच्या तशी नक्कल करत. काटेकोर बोलायचं तर हे नवं झाड नाहीच, जुन्याच झाडाचा वाढलेला भाग आहे. बटाट्याचा डोळा, आल्याची गाठ, केळीचा मुनवा, पानफुटीच्या पानाकडेला फुटणारी इवली रोपं हे सगळं त्याच जातीचं काम. अमेरिकेत युटामध्ये पांडो नावानं ओळखलं जाणारं अॅस्पेन या झाडाचं बन सुमारे ४३ हेक्टरवर पसरलं आहे. जमिनीवर सुमारे ४७ हजार खोडं दिसतात, पण खाली मुळांचं जाळं एकच. ते एकच झाड आहे.

कलमाला फळ लवकर का लागतं, याचंही उत्तर यातच आहे. बियाच्या रोपाला आधी लहानपण काढावं लागतं. त्या वर्षांत कितीही खाऊपिऊ घाला, ते फुलत नाही. फळत्या झाडाची काडी वयात आलेलीच असते, खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपावर, बसल्यावरही ती आपलं वय विसरत नाही. म्हणून कलमाला कधीकधी लावल्याच्या वर्षीच मोहोर येतो. तो मी खुडायला सांगतो, कारण मुळं अजून बाळ असतात आणि फळांचा भार त्यांना पेलत नाही.

काडी खुंटाला का जुळते आणि फांदीला मुळं का फुटतात, हे समजून घेतलंत तर पुढची बरीच कामं सोपी जातील. सालीच्या लगेच आत एक पातळ, ओलसर थर असतो, त्याला कँबियम म्हणतात. पेशी वाढवण्याचं काम तिथे चालतं. कलम बांधताना काडीचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांना भिडला पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असली, तर ती मधोमध न बसवता एका कडेला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूला तरी थराला थर लागेल. नवशिक्यांची सर्वात जास्त कलमं मी इथेच मरताना पाहिली आहेत. केळी, नारळ यांच्या खोडात असा थर नसतो, म्हणून त्यांचं नेहमीच्या पद्धतीनं कलम होत नाही.

गुटी कलमात आपण फांदीची दोनअडीच सेंटिमीटर साल गोल काढतो आणि तिथे ओलं शेवाळ बांधतो. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, ते चालूच राहतं. पानांत तयार झालेलं अन्न आणि शेंड्याकडून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक मात्र मुख्यतः सालीच्या बाजूनं खाली उतरतं, आणि ते काढलेल्या पट्टीच्या वरच्या काठाशी अडतं. तिथेच गाठ फुगते, तिथूनच मुळं निघतात. साल नीट खरवडली नाही, की कँबियम पुन्हा साल जोडून टाकतं आणि महिनाभर वाट पाहून हाती काही लागत नाही. छाट कलमाची, म्हणजे कापून थेट मातीत लावायची, काडी उलटी खोचली तर ती का रुसते, तेही यातून कळेल. तिच्या दृष्टीनं ‘खाली’ म्हणजे मूळ झाडावर असताना जे खाली होतं ते, तुम्ही मातीत कुठलंही टोक घाला.

इथवर ‘बी म्हणजे लैंगिक, फांदी म्हणजे अलैंगिक’ ही शाळेतली वाटणी चालली. प्रत्यक्ष कामात ती दोन ठिकाणी मोडते, आणि ती दोन्ही ठिकाणं तुमच्या प्रश्नाला लागून आहेत.

पहिलं म्हणजे काही बिया अलैंगिक असतात. कोयीतून एकच कोंब वर आला होता की तीन-चार, आठवून पाहा. आंब्याच्या काही जाती, विशेषतः आग्नेय आशियातल्या अनेक जाती, बहुभ्रूणी असतात. त्यांच्या एका कोयीत फलनातून झालेल्या भ्रूणाशेजारी आईच्याच पेशींपासून आणखी भ्रूण तयार होतात. त्यांना बाप नसतो. बीच्या रूपातली ती आईची नक्कल असते. अशी कोय लावली तर बरीचशी रोपं आईसारखीच निघतात. खरं मूल त्यांत असलं, तर पुष्कळदा दुबळं असतं आणि दाटीत मागे पडतं, पण यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. तुमचं फळ आईपेक्षा इतकं वेगळं आहे म्हणजे तुमच्या झाडाला नक्की बाप आहे, आणि कोय बहुधा एकभ्रूणी होती.

संत्रं, मोसंबी, लिंबू यांच्यातही हा प्रकार सर्रास आढळतो, आणि त्याचं मोल मला नुकसान सोसून कळलं. फार वर्षांपूर्वी मी एका देखण्या, भरघोस फळणाऱ्या मोसंबीवरून डोळे (सालीसकट कोंब) काढून शेकडो खुंटांवर भरले. डोळे छान धरले. दोन वर्षांनी एकामागून एक रोपं पिवळी पडून वाळू लागली. त्या झाडात ट्रिस्टेझा या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाचा विषाणू लपलेला होता. त्याचा स्वतःचा खुंट रोग सोसणारा होता म्हणून ते टुकटुकीत दिसत होतं. माझे खुंट आंबट संत्र्याचे होते, आणि मोसंबी-आंबट संत्रं या जोडीला हा विषाणू मारतो. डोळ्याबरोबर मी जातीची नक्कल केली तशी रोगाचीही केली होती. त्या दिवसांनंतर मातृवृक्ष, म्हणजे काडी देणारं झाड, तपासल्याशिवाय मी एक काडीही घेतलेली नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

यावर बी कामी येतं. हा विषाणू बियांतून पुढे जात नाही. मोसंबीच्या बियांतले आईच्या पेशींचे भ्रूण रुजवले, तर जात तीच मिळते आणि रोग गळून पडतो. बदल्यात रोप पुन्हा बालपणात जातं, मोठे काटे धरतं आणि फळायला बरीच वर्षं लावतं. ऊतीसंवर्धन हाच हेतू दुसऱ्या वाटेनं साधतं. शेंड्याच्या अगदी टोकाच्या, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या भागात विषाणू बहुधा पोचलेले नसतात. तेवढाच भाग काढून काचेत वाढवायचा. १९५२ मध्ये मोरेल आणि मार्टिन या फ्रेंच संशोधकांनी रोगट डेलियापासून अशी निरोगी रोपं मिळवली.

वाटणी मोडण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे अलैंगिक नक्कलही नेहमी हुबेहूब निघत नाही. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावून बघा. मुळं येतील, रोपही येईल, पण ते नुसतं हिरवं. त्या पानात दोन तऱ्हेच्या पेशी थरांनी एकत्र राहत असतात, आणि कापलेल्या पानाच्या बुडाशी नवा कोंब हिरव्या थरातून फुटतो. काठ टिकवायचा असेल, तर त्याचा कंदासकट फुटवा वेगळा करावा लागतो. कधी एखाद्या डोळ्यात अचानक बदल होऊन त्या एका फांदीलाच निराळी फळं येतात. बागाईतदारांनी अशा फांद्या हेरून त्यांची कलमं केली आहेत, बिनबियांचं नेव्हल संत्रं हे असंच डोळ्यातल्या बदलातून आलेलं.

तर मग यांतलं चांगलं कोणतं? ते तुम्हाला काय हवं यावर ठरतं, आणि झाड काय करू देतं यावरही. नारळाला फांद्या नाहीत, त्यामुळे तिथे नारळच रुजवावा लागतो. खाण्याच्या केळीत रुजण्याजोगं बी नसतं, तिथे मुनवा नाही तर ऊतीसंवर्धनाचं रोप. हवं तेच फळ, ठरलेल्या चवीचं आणि लवकर, असं असेल तर कलमाला पर्याय नाही. पण सगळीकडे एकच नक्कल लावली, तर एका झाडाचं दुखणं सगळ्यांचं दुखणं होतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला, तेव्हा शेतोशेती डोळ्यांवरून लावलेल्या मोजक्याच जाती होत्या. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. जगभर विकली जाणारी ग्रो मिशेल केळी विसाव्या शतकात पनामा या बुरशीच्या रोगानं बाजारातून गेली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, तीही नक्कलच, आणि आता तिलाही त्याच बुरशीच्या नव्या प्रकारानं धरलं आहे. रोगाशी झुंजायला नवी जुळणी लागते, ती पत्ते पिसल्याशिवाय मिळत नाही. तुमच्या पुस्तकातलं वाक्य या अर्थानं बरोबर आहे. बी जातीच्या भविष्यासाठी असतं, तुमच्या ताटातल्या फळासाठी नव्हे.

बी आणखी एक गोष्ट करतं जी फांदीला कधीच जमणार नाही: वाट पाहणं. इस्राएलमध्ये मसादा इथे उत्खननात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजलं. ते झाड आज उभं आहे.

आणि शेजारचं ते कलमही जरा वाकून बघा. जमिनीपासून थोड्या उंचीवर सांधा दिसेल. वरचा भाग आवडत्या आंब्याची नक्कल आहे, खालचा खुंट मात्र कोयीपासून आलेला, तुमच्या झाडासारखाच. सांध्याच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा असतो. तो लगेच काढायला सांगा, नाहीतर तो जोरानं वाढून वरचं कलम दाबून टाकतो.

तुमचं झाड तोडू नका. पहिल्या बहराच्या दोन-चार फळांवरून झाड पुरतं कळत नाही, आणखी एकदोन हंगाम चाखून पाहा. तरीही नकोसं वाटलं, तर सात वर्षांची रुजलेली मुळं हाताशी आहेत, त्यांचा फायदा घ्या. मुख्य फांद्या छाटा आणि कापलेल्या जागांवर बुरशीनाशकाची पेस्ट लावा. एक पानांनी भरलेली फांदी तशीच राहू द्या, ती मुळांना पोसत राहील. फुटवे आले, की प्रत्येक फांदीवर दोन-तीन जोमदार, बाहेरच्या बाजूचे ठेवून बाकीचे काढा. ते पेन्सिलीएवढे जाड झाले, की शेजारच्या निरोगी कलमाच्या काड्या पाचर पद्धतीनं, म्हणजे टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवून, त्यांवर बांधा. काड्या तीन-चार महिन्यांच्या, टोकाचा डोळा फुगलेला पण न उमललेला अशा घ्या. काढण्याआधी आठ-दहा दिवस त्यांची पानं देठ ठेवून कापा, म्हणजे डोळा तयार होतो. काड्या जोमानं वाढू लागल्या, की राखलेली फांदी हवी तर छाटा. मी असतो तर तिची एक डहाळी ठेवली असती. त्या चवीचा आंबा दुसरीकडे कुठेच नाही.